स्टुलाखालचं पान

धाकट्या मालकांनी कागद तिच्याकडे सरकवला तो दोन बोटांनी, उष्टी बशी सरकवावी तसा. "एक सही करा बाई. फक्त औपचारिकता आहे."

औपचारिकता म्हटलं की समोरच्याने पाकीट सांभाळावं, असं थोरले मालक म्हणायचे. थोरले गेले, खुर्ची राहिली, आणि त्या खुर्चीत आता हे बसत होते. नाकापेक्षा मोती जड, त्यातली गत.

छापखान्यात तिला सगळे घार म्हणत. तोंडावर 'बाई' आणि पाठीमागे घार, आणि दोन्ही तिला आवडायचं. चौतीस वर्षं ती मुद्रितं तपासत होती. कुठलंही पान यंत्रावर चढण्याआधी शेवटचं तिच्यासमोर यायचं. ती ते वाचायची, हिरव्या शाईने 'छापा' लिहायची, खाली दोन अक्षरांची सही करायची, आणि मगच कागदाला शाई लागायची. ह्याला छापखान्यात शेवटची नजर म्हणत. शेवटच्या नजरेनंतर पानाला कोणी बोट लावायचं नाही, हा थोरल्यांचा नियम होता.

तिने कागदाकडे बघितलं आणि कागद नाहीसा झाला. म्हणजे मालकांचा कान दिसत होता, खिडकी दिसत होती, टेबलाच्या कडेची कुंडीसुद्धा दिसत होती; पण जिथे बघावं तिथेच ओल्या शाईवर अंगठा फिरवल्यासारखा करडा डाग. दोन वर्षांपूर्वी डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, "मधलं जाईल, कडा राहतील." हे तिला, डॉक्टरांना आणि तिच्या भाचीला सोडून कोणालाही माहीत नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं, तेवढं ती मूठ आवळून काढणार होती.

"वाचून करते," ती म्हणाली.

"चार ओळी आहेत. इथेच वाचा की."

"तुमच्या लग्नात मला साक्षीदार म्हणून उभं केलंत, तेव्हासुद्धा मी आधी सगळं रजिस्टर वाचलं होतं. भटजीपेक्षा जास्त वेळ लावला होता, आठवतंय ना?"

मालक हसले नाहीत. "तीन वाजता हॉस्पिटलच्या मेट्रन येतायत. त्याआधी द्या."

ती कागद घेऊन कागदाच्या खोलीत गेली आणि कडी लावली. इथे रिमांच्या थप्प्यांमागे, उत्तरेच्या खिडकीशी, तिचं स्टूल होतं. बसायच्या तीन फळ्यांतली मधली फळी तिने स्वतः उचकटून काढली होती. त्या फटीवर छोटा डिजिटल कॅमेरा पालथा ठेवायचा, भिंग खाली, पडदा वर. खाली चार पायांच्या मधे जाड पुठ्ठा, त्याच्यावर पान. पान पुठ्ठ्यावर कुठे ठेवायचं त्याच्या खुणा पेन्सिलीने केलेल्या. डावीकडून खिडकीचा उजेड, उजवीकडे पांढरा पुठ्ठा उभा केला की तो उजेड परत पानावर यायचा आणि सावली मरायची. रोज सकाळी सगळ्यांच्या आधी तासभर येऊन ती पानांचे फोटो काढायची आणि मग पडद्यावर आठपट मोठे करून, मान जराशी वळवून, डोळ्याच्या कडेने एकेक अक्षर वाचायची, आणि सही जागेवर पडली का ते बघायला सही केलेल्या पानाचा परत एक फोटो काढायची. आधी दिवसाला चाळीस पानं वाचायची, आता पंधरा. तरी चूक सुटली नव्हती.

ही सगळी विद्या भाचीची. ती जुनी कागदपत्रं सांभाळणाऱ्या कचेरीत दिवसभर पानांचे फोटो काढते. कॅमेरा तिचाच, टाकून दिलेला. "मावशी, फ्लॅश बंद. जवळच्या फोटोचं ते फुलाचं चिन्ह लाव. अगदी जवळ जाऊ नकोस, कडेच्या ओळी वाकतात. थोडं लांबून झूम कर. बटण आधी अर्धंच दाब, हिरवी चौकट आली की पूर्ण. आणि दोन सेकंदांचं टायमर लाव, नाहीतर तुझ्या बोटानेच फोटो हलेल."

छापखान्यात कॅमेरा आणायला मात्र सक्त मनाई होती, कारण इथे परीक्षांचे पेपर छापले जात. दाराशी मोबाइल जमा करावे लागत. कॅमेरा ती डब्याच्या पिशवीत, रुमालाखाली आणायची. परीक्षेच्या पेपरचा फोटो वाचून झाला की त्याच क्षणी पुसायची. हे आपण चोरून करतो, हे तिला रोज सकाळी टोचायचं, आणि रोज सकाळी ती ते करायची.

तिने मालकांची चिठ्ठी पुठ्ठ्यावर ठेवली आणि बटण दाबलं. लख्ख उजेड पडला. पिशवीत चकती फिरून फ्लॅश चालू झाला होता. फोटोत मधोमध पांढरा गोळा आणि कडेला दोन शब्द. फ्लॅश बंद केला, टायमर विसरली, फोटो हलला. तिसऱ्यांदा टायमर लावलं, पण हिरव्या चौकटीची वाटच बघितली नाही. सगळी अक्षरं फुगलेली. चिठ्ठीत काय आहे हे माहीत नसतानाच तिला राग आला होता, त्या दोन बोटांचा. रागावलेल्या माणसाला कॅमेरा स्पष्ट काही देत नाही, हे तिला दोन वर्षांत कळलं होतं. ती रिमावर बसली, दहा श्वास मोजले, हात मांडीवर पुसले. मग चौथ्यांदा.

'बाल-औषध पुस्तिकेच्या सत्तेचाळिसाव्या पानावरील कोष्टकात माझ्या नजरचुकीने चूक राहिली. वयोमानामुळे दृष्टी पूर्वीसारखी राहिली नसल्याने हा प्रकार घडला. याची संपूर्ण जबाबदारी माझी आहे.'

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने ते पुन्हा वाचलं, एकेक शब्द उजवीकडे सरकवत, आणि 'दृष्टी' ह्या शब्दापाशी बोट थांबलं. ह्यांना माहीत होतं. किंवा माहीत नव्हतंच, नुसता अंदाजाने दगड मारला होता आणि तो नेमका लागला होता.

मांडणीवाला संगणकाच्या खोलीत एकटाच होता. पुस्तकाची पानं जुळवायचं काम त्याचं. तिला बघून त्याने खुर्ची अर्धी वळवली आणि तिथेच थांबला.

"सत्तेचाळिसावं पान," ती म्हणाली. "काय झालंय?"

"तुम्हाला सांगितलं नाही?"

"मला सही करायला सांगितली. कशाखाली ते सांगायचं राहिलं."

त्याने सांगितलं ते तुकड्यातुकड्याने. झटके थांबवायचं औषध, मुलाच्या वजनाप्रमाणे किती द्यायचं त्याचं कोष्टक. ज्या हॉस्पिटलसाठी पुस्तिका छापली तिथे नवीन लागलेल्या एका नर्सने ती उघडून बघितली आणि आठ किलोच्या मुलीला दुप्पट औषध दिलं. मुलगी दीड दिवस झोपून होती, श्वास मंद. आई-बाप तिचं पोट वरखाली होतंय का ते बघत बसले होते. आता बरी आहे.

घारीला आधी भीती वाटली, राग मागून आला. खरंच आपल्या हातून सुटलं का? पडद्यावर कधी तरी 'दोन' आणि 'चार' आपण एकच वाचले का? गेल्या दोन वर्षांत ह्याच एका दिवसाला ती घाबरत होती.

"माझ्या सहीनंतर पानाला कोणी हात लावला?"

त्याने माऊस टेबलावर इकडून तिकडे सरकवला. "आठवत नाही बाई."

"माझ्या सहीची पानं कुठायत?"

"रद्दीत गेली. साहेब म्हणाले, जागा अडते."

सहीची पानं वर्षभर ठेवायची असतात. दाराशी गेल्यावर तिला आठवलं, आणि आठवताच इतका संताप आला की ती तशीच उभी राहिली. पहिली प्रत. पुस्तक बांधून आलं की पहिली प्रत शेवटच्या नजरेच्या टेबलावर येते, चौतीस वर्षं येते आहे. ह्या पुस्तिकेची आली नव्हती. तीन आठवडे ती मनातल्या मनात कुरकुरत होती, की नव्या मालकांना एवढीही रीत उरली नाही. आणि पहिली प्रत हातात आली की मगच ती त्या पुस्तकाचे फोटो पुसत असे.

म्हणजे ते अजून कॅमेऱ्यात होते.

बांधणीखात्यातल्या गठ्ठ्यातून तिने एक पुस्तिका उचलली, विचारलं नाही. कागदाच्या खोलीत परत कडी लावली. बाणाचं बटण दाबत दाबत मागे गेली. साठ, पंचावन्न, पन्नास. सत्तेचाळीस. खालच्या कोपऱ्यात हिरवी सही, तिचीच. कोष्टकात पाच ओळी. तीन ते पाच किलो, एक मिली. सहा ते नऊ किलो, दोन मिली. दहा ते चौदा, चार.

मग छापील पुस्तिका उघडून पुठ्ठ्यावर ठेवली. शिवणीपाशी पान पोट काढत होतं, म्हणून दोन्ही कडांवर जुन्या छपाईतल्या शिशाच्या खिळ्यांचे गठ्ठे ठेवले. हिरवी चौकट, दोन सेकंद. इथे कोष्टकात चारच ओळी होत्या. मात्रेच्या रकान्यातला पहिला आकडा कोणी तरी उडवला होता, त्यामुळे खालचे सगळे आकडे एकेक घर वर चढले होते. सहा ते नऊ किलो, चार मिली. रकाने सारखे दिसावेत म्हणून वजनाची शेवटची ओळही कापली होती. बघायला कसं टापटीप. आणि त्यामुळे मोकळ्या झालेल्या जागेत, चौकटीत, ठळक अक्षरांत छापखान्याची स्वतःची जाहिरात: 'अचूक छपाईसाठी एकच नाव!'

ती मोठ्याने हसली. चोराच्या उलट्या बोंबा ऐकल्या होत्या, पण चोर बोंबा सुबक छापून देतो हे नवीन होतं.

दुपारी दाराशी मोबाइल मागून घेऊन तिने रस्त्यावरून भाचीला फोन केला.

"मावशी, तू ते फोटो कोणाला दाखवू नकोस," भाची म्हणाली. "कॅमेरा आत नेलास म्हणून काढतील. आणि कशाला नेलास विचारलं तर काय सांगशील?"

"खरं."

"मग डोळ्यांसाठी काढतील. दोन्हीकडून तूच मरतेस. त्यापेक्षा सही करून टाक ना. मुलगी बरी आहे म्हणतेस. कोण लक्षात ठेवणार आहे?"

"मी."

"तू हट्टी आहेस."

"तुझ्या आईचीच बहीण आहे मी." तिने फोन बंद केला. भाचीचं चुकत नव्हतं, आणि त्याचाही तिला राग आला.

तीन वाजता मेट्रन आल्या. उंच, करड्या केसांच्या, चहा नको म्हणणाऱ्या. मालकांनी खुर्ची स्वतः ओढून दिली. टेबलावर सत्तेचाळिसाव्या पानासाठी दुरुस्तीच्या चिकटवायच्या पट्ट्या छापून तयार होत्या, आठशे. सगळ्या प्रतींत ही पट्टी लावली की झालं, मालक सांगत होते. मग आवाज उतरवून, घरातलं कोणी आजारी असावं तसं, "आमच्या बाईंचं वय झालंय. वडिलांच्या वेळच्या आहेत, म्हणून आम्ही सांभाळून घेत होतो. त्या लिहून देतायत. बाई, आणलीत का चिठ्ठी?"

तिने पिशवीतून चिठ्ठी काढली, बिनसहीची. मग रुमाल काढला आणि रुमालाखालून कॅमेरा.

"हे काय?" मालक उठले. "कॅमेरा? इथे?"

"हातच्या कांकणाला आरसा कशाला," ती म्हणाली आणि पडदा मेट्रनसमोर धरला. "हे पान मी सही केलं तेव्हाचं आहे. आकडे बघा. आता तुमच्या हातातलं बघा."

मेट्रननी चष्मा लावला. त्यांनी पडदा बघितला, पुस्तिका बघितली, परत पडदा बघितला. त्यांचं बोट जाहिरातीवर जाऊन थांबलं.

"ही चौकट फोटोत नाहीये," त्या म्हणाल्या.

"सहीनंतर आली."

"ह्या छापखान्यात परीक्षेचे पेपर छापले जातात," मालकांचा आवाज चढला. "इथे चोरून फोटो काढणाऱ्या बाईवर तुम्ही विश्वास ठेवणार? बाई, कशाला काढलात फोटो? सांगा ना. तुम्हाला पानं नुसती वाचता येत नाहीत का?"

आता आली ती वेळ. मूठ उघडायची होती, आणि तीही ह्यांच्यासमोर, ह्याचंच तिला सगळ्यात जास्त दुःख झालं.

"नाही येत," ती म्हणाली. "दोन वर्षं झाली. समोरचं दिसत नाही, कडेचं दिसतं. फोटो मोठा करून वाचते."

मालक खुर्चीत बसले. त्यांच्या चेहऱ्यावर सुटका झाल्याचं तिला दिसलं नाही, पण त्यांच्या श्वासात ऐकू आलं. "ऐकलंत?" ते मेट्रनना म्हणाले.

ऐकलं होतं, आणि मेट्रन वळल्या त्या तिच्यावरच. "तुम्ही डोळे नसताना औषधांची पुस्तकं तपासता? आणि कोणाला सांगत नाही? लाज नाही वाटत?"

"वाटते. रोज वाटते," ती म्हणाली. "सांगायला हवं होतं, ते मी सांगितलं नाही. ती चूक माझी, ती लिहून देते. ही देणार नाही."

"मला कसं कळावं की तुम्हाला ह्यातून वाचता येतं?"

"तुम्ही छापलेलं वाचा मोठ्याने. मी इथे बघते. आमच्याकडे असंच तपासतात, एक वाचतो, एक बघतो. जिथे जिथे कोष्टक आहे तिथून सुरू करा."

"ह्याची काही गरज नाही," मालक म्हणाले. "चूक एकाच पानावर आहे, मी स्वतः खात्री केली आहे."

मेट्रननी पुस्तिका उघडली. वाचताना त्यांचा आवाज रागावलेलाच होता, भरभर, हिला कुठेतरी पकडायचंच असं ठरवल्यासारखा. घारीने मान वळवली, पडदा तिरका धरला, आणि प्रत्येक ओळीला 'हं' म्हणत गेली. एकदा मेट्रननी मुद्दाम चुकीचा आकडा वाचला. "तीन नाही, पाच," ती म्हणाली. "तुम्ही मुद्दाम केलंत." मेट्रन त्यानंतर हळू वाचू लागल्या. पान एकोणीस बरोबर. तेहतीस बरोबर. एक्केचाळीस बरोबर.

"बावन्न," मेट्रन म्हणाल्या. "सलाइनचा वेग. नवजात, मिनिटाला बारा थेंब."

"सहा."

बाहेर यंत्र चालू होतं.

"परत बघा," मेट्रन म्हणाल्या.

तिने अक्षर पूर्ण पडदाभर मोठं केलं. "नवजात, सहा. बारा त्याच्या खालच्या ओळीत आहे. तुमच्या पानावर खाली चौकट आहे का, जाहिरातीची?"

मेट्रननी पानाच्या तळाशी बघितलं. "आहे," त्या म्हणाल्या. त्या उभ्या राहिल्या होत्या. "माझ्या वॉर्डात आत्ता चार नवजात आहेत. दोघांना सलाइन लावलंय." त्यांनी मालकांच्या टेबलावरचा फोन न विचारता ओढला आणि नंबर फिरवला. पलीकडून उचलला जाईपर्यंत त्यांचा दुसरा हात पुस्तिकेवर पालथा पडून होता.

मालक तिच्याजवळ आले. हळू आवाजात, दात आवळून म्हणाले, "उद्यापासून यायचं नाही. कळलं? कॅमेरा आणलात, आंधळेपणा लपवलात. वडिलांचं तोंड बघून पोलिसात देत नाही, एवढंच."

चौतीस वर्षं तिने ह्या माणसाच्या घराण्याचं नाव कागदावर निष्कलंक ठेवलं होतं. हा शाळेत असताना ह्याच्या निबंधातल्या चुकासुद्धा तिनेच काढल्या होत्या. एक थोबाडीत द्यावीशी वाटली तिला, आणि हात उचलला असता तर गाल नक्की सापडला असता, कारण तो कडेला होता.

"उद्यापासून ना?" ती म्हणाली. "मग आज माझी सही चालते."

तिने ती चिठ्ठी उलटी केली. पिशवीतून हिरवं पेन काढलं. ओळ कुठे जातेय ते तिला दिसत नव्हतं, म्हणून मोठ्या अक्षरांत, बोटाने कागदाची कड चाचपत लिहिलं: 'छापू नये. वाटलेल्या सर्व प्रती आजच परत घ्याव्या.' ओळी तिरक्या गेल्या. खालची दोन अक्षरं मात्र जिथे यायची तिथेच आली.

फोनवर मेट्रन म्हणत होत्या, "बाळांजवळ जा आधी, मग माझ्याशी बोल." फोनमधून चपलांचा आवाज येत होता, कोणी तरी लांबलचक व्हरांड्यातून धावत होतं. घार टेबलाची कड धरून उभी राहिली. तिकडून बारीक आवाजात काही तरी आलं, आणि मेट्रननी ते पुन्हा म्हणायला लावलं.

"एकाचं बारावर होतं," फोन ठेवून त्या म्हणाल्या. "आत्ताच लावलं होतं. उतरवलं."

त्यांनी हात पुढे केला. घारीने हिरव्या शाईचा कागद त्या हातात दिला, आणि मालकांनी तो मधेच घ्यायला बोटं पुढे केली, तर मेट्रननी तो घडी करून आपल्या खिशात घातला. मग घार आपलं स्टूल घरी न्यायला कागदाच्या खोलीत गेली. फळी तिने उचकटली होती, पण स्टूल तिचं स्वतःचं होतं.